कृतज्ञतेची वही लिहितेय, पण मन शांत होत नाही

सांजवात (ठाणे)

नमस्कार. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं.

गेल्या दिवाळीनंतर सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं चार-पाच शब्दांवर आलं. दिवसा मावशी असतात, सकाळी ८ ते संध्याकाळी ७. मी ऑफिसातून आले की त्या निघतात आणि माझी पाळी सुरू होते. रात्री दर दोन तासांनी उठून कूस बदलावी लागते. नवऱ्याची नोकरी फिरतीची, महिन्यातले पंधरा दिवस ते बाहेर. माझा दिवस कसा असतो ते कळावं म्हणून हे सांगितलं.

दोन महिन्यांपूर्वी ऑफिसातल्या मैत्रिणीनं एक वही दिली. रोज झोपण्यापूर्वी तीन गोष्टी लिहायच्या, ज्यांच्याबद्दल आभार वाटतात अशा. तिला खूप फरक पडला म्हणाली. मलाही पहिला आठवडा छान गेला. ‘आज घाटकोपरला बसायला मिळालं.’ ‘आईंनी आज सगळा भात खाल्ला, घास बाहेर काढला नाही.’ पुढे मग घर, मुलगी, तब्येत. दुसऱ्या दिवशी पुन्हा घर, मुलगी, तब्येत. हल्ली रात्री साडेअकराला वही समोर आली की अभ्यास न करता परीक्षेला बसल्यासारखं होतं.

परवा ‘आई अजून आपल्यात आहेत’ असं लिहिलं आणि पेनाचं टोपण लावताना जाणवलं की हे मनातून आलेलं नाही. त्या घटकेला मला फक्त झोप हवी होती. मग खूप रडले. माझ्या बाळंतपणात याच बाईनं सव्वा महिना मला पाण्यात हात घालू दिला नव्हता. तिच्याबद्दल कृतज्ञता वाटायला मला वही लागावी, याची लाज वाटते.

रोजच्या धावपळीत तुम्ही हे कसं करता? पुस्तकातलं नको, स्वतःचं सांगा.

पिंपळपार (सातारा)

ताई, तुम्ही पुस्तकातलं नको म्हणालात, तरी मानसशास्त्र शिकवतो म्हणून थोडंसं सांगतो. वहीची ही पद्धत लोकप्रिय झाली त्यामागे रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचं २००३ साली प्रसिद्ध झालेलं संशोधन आहे. त्यातल्या पहिल्या प्रयोगात लोकांनी दहा आठवडे लिहिलं, पण आठवड्यातून एकदाच. आभाराच्या गोष्टी लिहिणाऱ्यांना एकूण आयुष्याबद्दल अधिक बरं वाटलं. रोजच्या कटकटी लिहिणाऱ्यांना तसं वाटलं नाही. रोज लिहिण्याचेही प्रयोग त्यात होते, आणि त्यातल्या एकात स्नायू-मज्जातंतूंचे आजार असलेल्या रुग्णांनी २१ दिवस लिहिलं. त्यांची झोपही सुधारली.

पण ते लोक दर दोन तासांनी उठत नव्हते. तुम्ही रोजचं बंद करा, रविवारी दुपारी लिहा, आणि तीनच्या ऐवजी एकच गोष्ट नीट तपशिलानं लिहा. ‘तब्येत’ या एका शब्दाशी मन थांबत नाही. आईंनी भात खाल्ल्याच्या ओळीपाशी मात्र मीसुद्धा थांबलो.

बांधावरचा (चाकण)

ताई, मी वाशीम जिल्ह्यातला. चाकणला एका कारखान्यात सीएनसी मशीनवर आहे, बारा वर्षं झाली. वही मी कधी लिहिली नाही. पण तुमचं वाचून मला आमच्याकडची खांदशेकणी आठवली.

पोळा श्रावण अमावस्येचा. त्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचा खांदा शेकतात. घाटावर याला खांदेमळणी म्हणतात. वर्षभर जू ज्या जागी टेकतं, ती जागा. बाबा आधी गरम पाण्यानं धुवायचे, मग तूप-हळद कालवून पळसाच्या पानानं तिथं लावायचे, हळूहळू शेकायचे. झालं की बैलाच्या कानाशी वाकून म्हणायचे, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.’ दुसऱ्या दिवशी झूल, बेगड, रंगवलेली शिंगं, नवी वेसण, तोरणाखालची रांग, पुरणपोळीचा घास. फोटो सगळे त्या दिवसाचे निघतात. मला मोठी वाटते ती आदली संध्याकाळ. ती गोठ्यात होते, तिथं बघायला कोणी नसतं.

मी नऊ-दहा वर्षांचा असेन. बाबांनी माझा हात धरून पवळ्याच्या खांद्यावर ठेवला. ‘इथं दाब. टणक लागते का?’ लागत होतं. मग दुसऱ्या बैलाच्या खांद्यावर ठेवला. तिथं मऊ होतं. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘यानं जास्त ओढलं. आपल्याला दिसलंच नाही.’ त्यानंतर जू जुंपताना ते नाडा, म्हणजे जू औताच्या दांडीला बांधायचा दोर, मधोमध बांधत नव्हते, दुसऱ्या बैलाकडे बोटभर सरकवून बांधायचे. बोटभरच, पण त्यानं पवळ्याचं ओझं हलकं व्हायचं.

मला कृतज्ञता म्हटलं की बाबांची ती बोटं दिसतात. आपल्यासाठी कोणी ओढलं, त्याला कुठं सुजलं, ते हात लावून पाहायचं आणि पाहिल्यावर नाडा सरकवायचा. मनात काय वाटतंय हे बाबांनी मला कधी विचारलं नाही.

तुम्ही रात्री उठून सासूबाईंची कूस बदलता, तेव्हा पाठ, माकडहाड, टाचा बघत असालच, लाल तर झालं नाही ना म्हणून. हेच ते खांदे शेकणं. त्यांनी तुम्हाला सव्वा महिना पाण्यात हात घालू दिला नाही, त्याची आठवण तुमच्या हातात आहे. रात्री दोन वाजता डोळे मिटत असताना मनात गोड भावना नसली म्हणून ती खोटी होत नाही. लाज वाटून घेऊ नका.

आता एक विचारतो, राग मानू नका. तुमचा खांदा कोण शेकतं? तुमच्या लिहिण्यात रात्री उठणारं माणूस एकच दिसतं. सासूबाईंना आणखी मुलं आहेत का? असतील तर नाडा सरकवायला हवा. त्याशिवाय शांतता येईल असं मला वाटत नाही. वहीनंही नाही आणि ध्यानानंही नाही.

मी स्वतः काय करतो? खंडेनवमीला आमच्या मशीनला हार घालतात, पेढे वाटतात. मी रोज शिफ्ट संपताना पाच मिनिटं जास्त थांबतो, लोखंडाचा कीस साफ करतो, कूलंट बघतो, पुढच्या शिफ्टवाल्याला मशीन पुसलेलं मिळेल असं ठेवतो. तो कोण आहे हे कधी कधी मला माहीतही नसतं. पण सकाळी मला मशीन पुसलेलं मिळतं तेव्हा कोणीतरी थांबलं होतं हे कळतं. ती पाच मिनिटं माझ्या दिवसातली सगळ्यात शांत असतात.

बाबांनी २०१९ मध्ये बैल विकले. आता पेरणीला भाड्याचा ट्रॅक्टर येतो. तरी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी ते वाटीत तूप-हळद घेऊन शेजाऱ्यांच्या गोठ्यात जातात.

रातराणी (कोल्हापूर)

बांधावरच्या दादांच्या प्रश्नापाशीच मी थांबले. वडिलांचं अंथरुणातलं सगळं मी सहा वर्षं केलं, म्हणून एकच सांगते. घरच्यांना ‘जरा मदत करा’ म्हणू नका, त्याला सगळे हो म्हणतात आणि तिथंच राहतं. ‘शनिवारी रात्री १० ते सकाळी ७’ असं सांगा. माझ्या भावाला मी हे पाचव्या वर्षी सांगितलं. तो लगेच आला. आधीची चार वर्षं मी त्याच्यावर मनात चिडत होते आणि त्याला ते माहीतच नव्हतं.

आणि ताई, झोपायला वेळ मिळूनही झोप येत नसेल, रडू थांबत नसेल, तर डॉक्टरांशी बोला. सरकारची टेली-मानस सेवा आहे, १४४१६ वर. फुकट आहे, मराठीतही बोलतात. मी रात्री एक वाजता फोन केला होता. त्या मुलीनं मला आधी विचारलं, ‘तुम्ही आज जेवलात का?’ मी जेवले नव्हते.

सांजवात (ठाणे)

सगळ्यांचे आभार. उत्तर द्यायला दहा दिवस लागले.

दादा, तुमचं मी लोकलमध्ये वाचलं. त्या रात्री कूस बदलताना आईंच्या पाठीवर हात ठेवून नेहमीपेक्षा जरा जास्त थांबले. त्या जाग्या होत्या. काही बोलल्या नाहीत, मीही नाही.

दीर डोंबिवलीला असतात. त्यांना मी कधी विचारलंच नव्हतं. घरात सून आहे म्हणजे ती बघते, हे सगळ्यांनी धरलं होतं आणि मीही. शुक्रवारी फोन केला आणि रातराणीताईंनी सांगितलं तसं दिवस आणि वेळ सांगितली. दोन मिनिटं ते गप्प होते, मग ‘येतो’ म्हणाले.

शनिवारी मी ११ वाजता झोपले ती सव्वापाचला उठले. बाहेर येऊन बघते तर दीर आईंच्या पायाशी खुर्ची टाकून बसलेले. पाकिटाच्या मागच्या बाजूला १२, २, ४ लिहून त्यापुढे खुणा केल्या होत्या. चारला डावी टाच लाल वाटली म्हणून पोटरीखाली उशी सरकवून टाच उचलून ठेवली होती. हे मी त्यांना सांगायची विसरले होते, त्यांनी स्वतःच शोधलं. म्हणाले, ‘वहिनी, तुम्ही हे रोज करता?’ मला बोलता आलं नाही, मी चहा ठेवायला गेले. ते आता दर शनिवारी येणार आहेत.

वही मी टाकली नाही, पिंपळपार सरांचं ऐकून रविवारी उघडते. या रविवारी एकच लिहिलं. बुधवारी पावसानं गाड्या बंद होत्या, तरी मावशी कळव्याहून चालत आल्या. साडी गुडघ्यापर्यंत भिजली होती आणि आल्या आल्या त्यांनी आधी आईंचे पाय पुसले, मग स्वतःचे.

सोमवारी सकाळी ती ओळ मावशींना वाचून दाखवली. त्यांनी ऐकलं, पदर खोचला आणि आईंच्या केसांना तेल लावायला बसल्या. मग तिथूनच म्हणाल्या, ‘ती साडी बाई अजून ओलीच आहे.’