ब्रिटन आणि जपानसाठी अडॅप्टर कोणता घ्यावा?

मंडळी, जरा मदत हवी आहे. आधी ब्रिटन आणि तिथून पुढे जपान असा प्रवास आहे. सोबत लॅपटॉप, दोन फोन, कॅमेरा आणि बायकोचा हेअर ड्रायर.

लॅपटॉप, फोन आणि कॅमेऱ्याच्या चार्जरवर बारीक अक्षरांत '१००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्‌झ' असं छापलंय, म्हणजे त्यांना नुसता पिन बदलणारा अडॅप्टर पुरेल. ड्रायरवर मात्र फक्त '२२०-२४० व्होल्ट' आहे. ब्रिटनमध्ये २३० असल्याने तो चालेल, पण जपानच्या १०० व्होल्टवर नुसती फुंकर मारेल. त्यासाठी व्होल्टेज बदलणारा जड कन्व्हर्टर वाहून नेण्यात मला अर्थ दिसत नाही. हॉटेलात ड्रायर असतोच. (हे घरी पटवून देणं वेगळं!)

खरी अडचण लॅपटॉपची. त्याचा प्लग तीन पिनांचा आणि जपानमध्ये बरेचसे सॉकेट दोन चपट्या पिनांचे, अर्थिंगशिवाय. लॅपटॉप टाइप-सीवर चार्ज होतो, म्हणून ६५ वॉटचा एकच गॅन (गॅलियम नायट्राइड वापरलेला, आटोपशीर) चार्जर घ्यायचा विचार आहे. पण दोन फोन सोबत लावले की लॅपटॉपला किती वॉट उरतात? आणि असा वजनदार चार्जर युनिव्हर्सल अडॅप्टरमध्ये नीट बसतो की भिंतीवरून लोंबतो? वापरलेल्यांनी कृपया सांगा.