बोलू न शकणाऱ्या आईच्या वतीने घटस्फोटाचा अर्ज करता येतो का? मदत हवी आहे

माझ्या आईला घटस्फोट हवा होता. तिनं वकील गाठला होता, अर्जाचा मसुदा तयार होता, वकीलपत्रावर तिची सही झाली होती. अर्ज दाखल व्हायच्या आत तिला पक्षाघात झाला. आता तो अर्ज तिच्या वतीने मी करू शकते का, एवढाच माझा प्रश्न आहे. पण पूर्ण हकीकत सांगितल्याशिवाय कुणाला नीट उत्तर देता येणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आई ६९ वर्षांची. टपाल खात्यातून २०१६ साली निवृत्त झाली. वडील २०१३ मध्ये घर सोडून गेले आणि तेव्हापासून दुसऱ्या बाईबरोबर राहतात. त्याआधीची वीस-बावीस वर्षं कशी गेली ते इथे लिहवत नाही. साताऱ्याचा फ्लॅट आईनं २००४ मध्ये स्वतःच्या पगारावर कर्ज काढून घेतला, खरेदीखत तिच्या एकटीच्या नावावर आहे. गेल्यापासून वडिलांनी एक पैसा पाठवला नाही.

तिनं एवढी वर्षं थांबण्याचं कारण आम्ही दोघं भावंडं. आधी माझं लग्न, मग माझं बाळंतपण, मग भावाचं लग्न. नोव्हेंबर २०२२ मध्ये मसुदा तयार झाला तेव्हा मीच म्हटलं, "आई, फेब्रुवारीत लग्न आहे, पत्रिकेवर दोघांची नावं लागतील, तेवढं होऊन जाऊ दे." ती हो म्हणाली. लग्न झालं, आणि एप्रिल २०२३ मध्ये ती मोरीत पडलेली सापडली. डाव्या मेंदूत गाठ अडकली होती. उजवी बाजू गेली, वाचा गेली.

तेव्हापासून ती पुण्याला माझ्याकडे आहे. दिवसा एक मावशी असतात, रात्री मी. आई माणसं ओळखते, नातवाला बघून हसते, पण शब्द येत नाही. "हं" आणि "नको"सारखं काहीतरी येतं, तेही कधी बरोबर, कधी उलटं.

वडील या वर्षी जानेवारीपासून येऊ लागले. पहिल्यांदा पेढे घेऊन आले. तिसऱ्या वेळी मी ऑफिसात असताना आले आणि मावशींना चहा करायला आत पाठवून आईच्या डाव्या हाताचा अंगठा एका कागदावर घेतला. मावशी बाहेर आल्या तेव्हा शाईचं पॅड खिशात जात होतं. कागदावर काय होतं ते मला आजही माहीत नाही. विचारलं तर म्हणाले, "मी नवरा आहे तिचा, तू कोण विचारणारी?"

बँकेत आईनं २०२१ मध्ये मला कुलमुखत्यारपत्र दिलं होतं. तेही आता चालत नाही म्हणतात, देणाऱ्याला समज राहिली नाही की ते संपतं. उद्या आईचं काही झालं तर तिच्या घरात माझ्या आणि भावाच्या बरोबरीनं त्यांचा वाटा, आणि कुटुंब निवृत्तिवेतनही त्यांनाच. दोन वकिलांना भेटले. एक म्हणाले, "घटस्फोट हा ज्याचा त्यानं मागायचा, मुलीनं नाही." दुसरे म्हणाले होईल, पण कसं ते सांगितलं नाही. कुणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.

साधा_माणूस: ताई, राग मानू नका. आई अंथरुणावर, वडील सत्तरीच्या पुढे. आता घटस्फोट मिळून तिला काय सुख मिळणार? घराचं पाहायचं तर दुसरे मार्ग असतील. कोर्टात आई-बापाचं सगळं उघडं पडेल.

लेक_सातारची: राग नाही. माझ्या सासूबाईंनीही हेच विचारलं. तुम्हाला आईचं एक वाक्य सांगते. मसुद्यावर सही करून आलो त्या संध्याकाळी ती म्हणाली, "मी आधी गेले तर मला सवाष्ण म्हणून नेऊ नका. हिरवं नेसवू नका, मळवट भरू नका, त्याच्या हातानं तर काहीच नको." दुसऱ्या दिवशी तिनं ते हिशोबाच्या वहीत लिहूनही ठेवलं. तारीख घातली, खाली सही केली. पोस्टातली बाई, सही-तारखेशिवाय काही लिहायची नाही. घर वडिलांना गेलं तर मला वाईट वाटेल, पण निभावेल. हे वाक्य मात्र मला झोपू देत नाही. ते तिनं वर्षानुवर्षं मनात धरलं होतं आणि मी तिला लग्नपत्रिकेसाठी थांबवलं.

काळा_कोट: ताई, वीसेक वर्षं कौटुंबिक प्रकरणं करतो आहे. नेमकं तुमच्या कागदांवर अवलंबून राहील, तरी दिशा सांगतो.

दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश ३२, नियम १५ आहे. मानसिक दुर्बलतेमुळे जी व्यक्ती स्वतःचं हित जपू शकत नाही, तिच्या वतीने वादमित्र, म्हणजे तिच्यासाठी कोर्टात उभी राहणारी दुसरी व्यक्ती, दावा चालवू शकतो. आधी कोणी तिला असमर्थ ठरवलेलं असायलाच हवं असं नाही, कोर्ट स्वतः चौकशी करून ठरवतं. हिंदू विवाह कायद्याच्या अर्जांनाही ही संहिता लागू होते. परस्पर संमतीचा रस्ता मात्र विसरा, ती संमती दुसऱ्या कुणाला देता येत नाही. तुमच्याकडे परित्याग आणि क्रूरता ही कारणं आहेत. परित्यागाला सलग दोन वर्षं लागतात, तुमची बारा झाली. आणि पत्नी सध्या जिथे राहते तिथे अर्ज करता येतो, म्हणजे पुणे चालेल, साताऱ्याला खेपा नकोत.

पहिल्या वकिलांचं म्हणणं अगदीच चूक नाही. घटस्फोट हा व्यक्तीचा स्वतःचा निर्णय, म्हणून न्यायाधीश विचारणारच की हे आईला हवंय की मुलीला. वादमित्राचं हित आईच्या हिताविरुद्ध असून चालत नाही, आणि समोरचा वकील पहिल्याच तारखेला म्हणेल की मुलगी फ्लॅटसाठी करते आहे. त्याला उत्तर म्हणजे तुमच्याकडचे २०२२ चे कागद. मसुदा, वकीलपत्र, ती वही. झेरॉक्स काढून मूळ प्रती लॉकरमध्ये ठेवा. भावाचंही प्रतिज्ञापत्र घ्या. फक्त न्यायिक विभक्ततेवर, म्हणजे लग्न न मोडता वेगळं राहण्याच्या आदेशावर, तडजोड करू नका, त्यानं नवरा हा वारस म्हणून कायम राहतो.

आणि एक गोष्ट याच आठवड्यात करा. अंगठ्याचा प्रकार गंभीर आहे. पोलिसांत लेखी तक्रार द्या. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ च्या कलम १२ खाली पीडित स्त्रीच्या वतीने 'अन्य कोणतीही व्यक्ती' अर्ज करू शकते, तिथे वादमित्राचा वाद येत नाही. तिच्या मालमत्तेची विल्हेवाट लावायला मनाई आणि त्यांना तिच्यापासून दूर ठेवणारा अंतरिम आदेश मागता येतो. घटस्फोटाला वेळ लागेल. आणि मन घट्ट करून ऐका, निकालाआधी आई गेली तर तो अर्ज तिथेच संपतो. बँक आणि फ्लॅटसाठी पालक नेमून घेणं हे वेगळं काम. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात त्याची सोय उरली नाही, त्यामुळे उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली जावं लागेल.

रानजाई: मला कायद्यातलं कळत नाही, पण माझ्या वडिलांना हेच झालं होतं. वाचा गेली म्हणजे समज गेली असं नसतं गं. अफेजियात, म्हणजे मेंदूला इजा होऊन वाचा जाते त्यात, पुष्कळदा माणसाला कळतं, शब्द तेवढे सापडत नाहीत. आम्हीही वर्षभर बाबांसमोर ते नसल्यासारखं बोलत होतो. मग स्पीच थेरपिस्टनी चित्रांची पाटी दिली. "हो"साठी अंगठा वर, "नाही"साठी तळहात. आधी "तुमचं नाव अमुक का?" असे उत्तर माहीत असलेले प्रश्न, उलटसुलट करून. तीन महिन्यांत दहातली नऊ उत्तरं बरोबर यायला लागली. तू आईला विचारलंस का?

काळा_कोट: रानजाई यांचा मुद्दा माझ्या आधी यायला हवा होता. आईला कळत असेल आणि खुणेनं सांगता येत असेल तर वादमित्र लागतच नाही, अर्ज तिचा स्वतःचा. बोलू न शकणाऱ्या साक्षीदाराची खुणांनी साक्ष घेता येते, तिचं चित्रीकरण होतं. आधी न्यूरॉलॉजिस्टकडून समजेची तपासणी लेखी करून घ्या. तोवर कुठल्याही कागदावर 'आई असमर्थ आहे' असं लिहून देऊ नका.

लेक_सातारची: पोलिसांत तक्रार दिली, पोच घेतली. कलम १२ चा अर्ज एक वकीलताई तयार करत आहेत.

नाही, मी आईला विचारलं नव्हतं. अडीच वर्षांत एकदाही नाही. तिला त्रास होईल म्हणून वडिलांचं नावही काढायचो नाही. काल तिची वही तिच्या मांडीवर उघडून ठेवली. तिनं डाव्या हाताचं बोट तारखेवर ठेवलं, मग सहीवर, आणि माझ्याकडे बघत राहिली. मी घाबरून पुढे काही विचारलं नाही. उत्तर तिच्या तोंडात मी घालते आहे असं व्हायला नको.

न्यूरॉलॉजिस्टची वेळ मंगळवारची मिळाली आहे. रानजाई, ती चित्रांची पाटी मराठीत कुठे मिळते की घरीच करायची? तुम्ही त्यात कोणकोणती चित्रं ठेवली होती?