फिटनेस बँड चुकतो हे चालेल, पण रोज वेगळा चुकतो त्याचं काय?

वाटसरू
गेले सहा आठवडे मी दोन्ही मनगटांवर एकेक बँड बांधून फिरतोय. सकाळी तळजाईची फेरी तीच, वेळही तीच. त्या फेरीपुरते दोघांचे आकडे जवळजवळ जुळतात. दिवसभराचे मात्र नाही: कधी तीनशे पावलांचा फरक, कधी अडीच हजारांचा. पोळ्या लाटल्या त्या दिवशी उजवा हात पुढे. मंडईतून दोन्ही हातांत जड पिशव्या घेऊन आलो की दोघेही मागे. कारण उघड आहे. बँड पाऊल मोजतच नाही. मनगटाचा हेलकावा टिपतो आणि त्यावरून पाऊल पडलं असेल असा अंदाज बांधतो.

माझा राग सुरू झाला तो आईमुळे. ती वॉकर धरून हॉलमध्ये रोज वीस फेऱ्या मारते. मी शेजारी चालून मोजलंय, साधारण ५०० पावलं होतात. बँडवर एके दिवशी ९०, दुसऱ्या दिवशी ३१०. मनगट वॉकरवर टेकलेलं, मग हेलकावा येणार कुठून? आणि तो ९० चा आकडा बघून ती दुपारभर हिरमुसून बसते.

कॅलरींचं तर बोलायलाच नको. २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ६० जणांवर सात उपकरणं तपासली. सहा उपकरणांची नाडीच्या ठोक्यांतली चूक ५ टक्क्यांच्या आत होती. कॅलरींत मात्र सर्वांत चांगलं उपकरणही २७ टक्क्यांनी चुकलं, आणि सर्वांत वाईट ९३ टक्क्यांनी. तरी लोक त्या आकड्यावर जेवण ठरवतात.

चूक असू द्या, पण रोज सारखी असू द्या. नाहीतर कालची आणि आजची तुलना कशाच्या जोरावर करायची?

गणितमास्तर
साफ असहमत. तुम्ही एकेका दिवसाकडे बघताय, तिथेच गडबड आहे. पोळ्या, पिशव्या, दुचाकीचे धक्के या चुका कधी वर जातात, कधी खाली. सात दिवसांची सरासरी काढा, त्या बऱ्याचशा एकमेकींना खातात. मी तीन वर्षं फक्त आठवड्याचा आकडा वहीत उतरवतो. त्यात माझा पावसाळ्यातला आळस दरवर्षी स्वच्छ दिसतो.

दुसरं, आकड्याचं काम माणसाला उठवणं हे आहे. कमरेला लावायच्या, पावलं मोजणाऱ्या साध्या यंत्रांवरच्या २६ अभ्यासांचा आढावा २००७ मध्ये आला होता. ती यंत्रं वापरणारे दिवसाला सरासरी सुमारे २,५०० पावलं जास्त चालले.

वाटसरू
मास्तर, सरासरी काढून इकडेतिकडे विखुरलेली चूक कमी होते, मान्य. एकाच बाजूला झुकलेली होत नाही. आईचे आकडे कायम कमीच येतात. माझ्या बँडला मार्चमध्ये अपडेट आला आणि माझी 'गाढ झोप' पाऊण तासावरून एका रात्रीत दीड तासावर गेली, ती तिथेच राहिली. झोप बदलली नव्हती, हिशोब बदलला होता. आता मार्चच्या आधीची सरासरी कशाशी जोडू?

आणि उठवण्याचं म्हणाल, तर २०१६ चा वजन घटवण्याचा दोन वर्षांचा प्रयोग आठवा. बँडवाल्यांचं सरासरी ३.५ किलो उतरलं, बिनबँडवाल्यांचं ५.९.

निद्रातंत्रज्ञ
झोपेच्या तपासणीचं काम करते म्हणून लिहिते. आम्ही डोक्याला, डोळ्यांच्या कडांना आणि हनुवटीला तारा लावतो आणि रात्रीचे ३०-३० सेकंदांचे तुकडे करून प्रत्येकाची अवस्था ठरवतो. बँडकडे मेंदूचे तरंग नसतात. हालचाल आणि नाडी यांवरून तो अंदाज करतो. झोपलेला माणूस त्याला छान ओळखता येतो. निपचित पडलेला जागा माणूस येत नाही. निद्रानाशाचे रुग्ण नेमके तसेच छताकडे बघत पडून असतात. घरचे म्हणतात, 'घड्याळ तर सात तास दाखवतंय.' हे ऐकताना रुग्णाचा चेहरा बघवत नाही.

पण वाटसरू, सातत्याची तुमची अट फार कडक आहे. एकाच रात्रीची नोंद दोन प्रशिक्षित माणसांना दिली, तरी पाचातल्या साधारण चार तुकड्यांवरच त्यांचं एकमत होतं.

रात्रपाळीची सिस्टर
मला गाढ झोप किती, स्वप्नांची किती, याच्याशी घेणंच नाही. किती वाजता आडवी झाले, किती वाजता उठले, एवढं माझा बँड नीट लिहितो. सलग सहा नाइट झाल्यावर माझी झोप चार तासांवर आली होती. तोंडी सांगून दोन महिने कुणी ऐकलं नाही. महिन्याचा आलेख ड्युटी लावणाऱ्यांसमोर ठेवला, तेव्हा मधे सुट्टी मिळाली. माझ्यापुरतं हे पुरेसं आहे.

वाटसरू
सिस्टर, तुमच्याशी वाद नाही. तुम्ही त्याला जे जमतं तेवढंच विचारलंत.

ताजी गोष्ट सांगतो. तीन दिवसांपूर्वी आईचा बँड मनगटावरून काढून घोट्याला बांधला. त्याच वीस फेऱ्या: २४०, २५१, २४४. एकाच पायाचा हेलकावा धरला जातोय, म्हणून आकडा निम्मा. पण निम्मा तर निम्मा, रोज निम्मा! आई स्वतःच दुप्पट करून कॅलेंडरवर लिहिते. मास्तर, तुमच्या सरासरीसाठी अजून चार दिवस लागतील, मग इथेच टाकतो.