ऑस्ट्रेलियाचा बोटींचा कायदा आपल्याकडं हवा म्हणणाऱ्यांना

झाडीपट्टीकर (धागाकर्ता)

रोहिंग्यांचा विषय निघाला की आपल्या भागात हल्ली एक वाक्य हमखास ऐकू येतं: ऑस्ट्रेलियानं बोटी बंद केल्या, तशा आपणही करा. म्हणणाऱ्यांत शिकलेली पोरंही आहेत. तिथं काय झालं ते आधी लिहितो.

ऑगस्ट 2001. ऑस्ट्रेलियाच्या ताब्यातल्या ख्रिसमस बेटाजवळ इंडोनेशियातून निघालेली एक मासेमारी बोट बुडायला आली होती. तिच्यावर 433 जण, बहुतेक हजारा, म्हणजे अफगाणिस्तानातल्या एका अल्पसंख्य समाजातले. टाम्पा नावाच्या नॉर्वेच्या मालवाहू जहाजानं त्यांना वर घेतलं. जॉन हॉवर्ड यांच्या सरकारनं जहाजाला बंदरात यायला मनाई केली, त्यावर सैनिक चढवले आणि बहुतेकांना नाऊरूला धाडलं. नाऊरू म्हणजे अवघ्या 21 चौरस किलोमीटरचा देश. उरलेल्या सुमारे 130 जणांना न्यूझीलंडनं आपल्याकडं नेलं. 2008 मध्ये ही पद्धत बंद झाली, 2012 मध्ये पुन्हा सुरू झाली. जुलै 2013 मध्ये पंतप्रधान केविन रड यांनी जाहीर केलं की बोटीनं आलेला माणूस खरा निर्वासित ठरला तरी ऑस्ट्रेलियात कधीच वसणार नाही. मग नाऊरूत आणि पापुआ न्यू गिनीतल्या मानुस बेटावर माणसं वर्षानुवर्षं अडकून पडली. अर्ज तपासल्यावर त्यातले बहुतेक खरे निर्वासित निघाले. 2016 मध्ये पापुआ न्यू गिनीच्या सर्वोच्च न्यायालयानं मानुसवर त्यांना डांबणं बेकायदा ठरवलं.

सरहद्द राखणं सरकारचं कामच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण मानुसवरच्या माणसाला डांबलं ते त्याच्या गुन्ह्यासाठी नव्हे. त्याचे हाल ऐकून इंडोनेशियाच्या किनाऱ्यावरचा दुसरा कुणी बोटीत चढू नये, यासाठी. माणसाचा असा वापर करायचा अधिकार कुठल्याच सरकारला नाही. आपल्या पोलिसांनी एका गावाला धाक बसावा म्हणून दुसऱ्या गावातल्या निरपराध माणसाला चार वर्षं कोंडलं, तर आपण मोर्चा काढू.

आणि आपण तर वेगळं करून दाखवलंय. पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली कुटुंबं गडचिरोलीत चामोर्शी-मूलचेऱ्याकडं वसली. अर्जुनी मोरगाव तालुक्यात प्रतापगडला 1972 पासून तिबेटी वसाहत आहे. कुणाचं काय बिघडलं?

पांढरं सोनं, यवतमाळ

भाऊ, अर्धीच गोष्ट सांगतली तुमी. 2008 मंधी नाऊरू बंद केलं, मंग काय झालं तेही सांगा ना. बोटी वाढल्या. डिसेंबर 2010 मंधी ख्रिसमस बेटाच्या खडकावर बोट आपटली. बेटावरचे लोक कड्यावरून लाईफ जॅकेट फेकत होते, तरी सुमारे 50 जन त्यायच्या डोयापुढं बुडाले. त्या पाच-सहा वर्षांत हजारावर मानसं समुद्रात मेली. सप्टेंबर 2013 नंतर नौदलानं बोटी मागं फिरवल्या, आन् वर्षभरात येनं जवळपास थांबलं. बुडनंही थांबलं. हे दयेचं काम नाई का?

अजून एक. बोटीत कोन चढते? ज्याच्यापाशी दलालाले द्यायले पैसा हाय तो. ज्याच्यापाशी फुटकी कवडी नाई, तो कुठल्या तरी कॅम्पात पंधरा-पंधरा वर्षं पडून रायते. ऑस्ट्रेलिया दरसाल हजारो निर्वासित अशा कॅम्पातून रीतसर नेते. बोटवाल्याले पयले घेतलं तर कॅम्पातल्या गरिबाची पाळी मागं पडते. रांग मोडनाऱ्याले कडक वागवनं मले तरी चूक वाटत नाई.

झाडीपट्टीकर

भाऊ, बुडालेल्यांचं दुःख मलाही आहे, म्हणूनच हिशेब नीट करू. नाऊरू सप्टेंबर 2012 मध्ये पुन्हा सुरू झालं. तरी 2013 मध्ये 20 हजारांच्या आसपास माणसं बोटीनं आली, आजवरची सर्वांत जास्त. म्हणजे डांबण्याच्या भीतीनं बोटी थांबल्या नाहीत. थांबल्या त्या समुद्रातून मागं वळवल्यावर. मग बेटावरच्या त्या छळाचा उपयोग काय झाला?

1999 पासून ऑस्ट्रेलियानं बोटीनं आलेल्या निर्वासितांना तात्पुरता परवाना द्यायला सुरुवात केली. त्यावर बायको-मुलांना बोलावता येत नसे. ऑक्टोबर 2001 मध्ये एक बोट बुडून 353 जण मेले. त्यात बहुसंख्य बाया आणि लेकरं होती, आणि कित्येकींचे नवरे आधीच ऑस्ट्रेलियात पोचलेले होते. रीतसर जायची वाट सरकारनं बुजवली म्हणून त्या दलालाकडं गेल्या.

रांगेचं म्हणता, तर काबूलमधल्या हजारा माणसानं 2001 मध्ये कुठल्या खिडकीपुढं उभं राहायचं होतं?

आरमोरीचा वकील

भारतापुरतं सांगतो. 1951 च्या निर्वासित करारावर आपली सही नाही, 1967 च्या पुरवणी करारावरही नाही, आणि निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. 1996 मध्ये चकमा निर्वासितांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं अनुच्छेद 21 चं, म्हणजे जगण्याच्या हक्काचं, संरक्षण परकीयालाही आहे असं सांगितलं. एप्रिल 2021 मध्ये त्याच न्यायालयानं जम्मूतल्या रोहिंग्यांची रवानगी थांबवायला नकार दिला, फक्त रीतसर प्रक्रिया पाळा म्हटलं. बोटीनं आलेले आपल्याकडंही आहेत. 1983 नंतर श्रीलंकेतले तमिळ रामेश्वरमला उतरले. तमिळनाडूच्या कॅम्पांत त्यातले पन्नास हजारांवर लोक दशकानुदशकं राहिले. 2019 च्या नागरिकत्व दुरुस्तीत श्रीलंकेचं नावच नाही. धागाकर्त्यानं आपली पाठ थोपटण्याआधी हे बघावं.

एटापल्लीवाला

"कुणाचं काय बिघडलं" हे वाचून गप्प बसवलं नाही. दादा, चामोर्शी-मूलचेऱ्याकडं जी जमीन वाटली ती कुणाची होती? सरकारी कागदावर जंगल होतं. जंगलात आम्ही आदिवासी होतो. आमच्या नावचा सातबारा नव्हता, एवढंच. आमच्या माणसांना कुणी विचारलं नाही. आम्हाला आमच्याच जंगलाचा हक्क मिळायला 2006 चा वनहक्क कायदा यावा लागला, आणि आपल्या जिल्ह्यातल्या लेखा-मेंढा गावाला सामूहिक वनहक्क 2009 मध्ये मिळाला. सरकारला कुणाला आसरा द्यायचा असेल तर द्यावा. पण उदारपणा नागपूर-मुंबईच्या जमिनीवर का होत नाही? दर वेळी आमच्याच रानात का?

ऑस्ट्रेलियाचं मला यात नवल वाटत नाही. एवढा मोठा श्रीमंत देश, आणि आपलं ओझं मानुसच्या कोळ्यांच्या आणि शेतकऱ्यांच्या अंगणात नेऊन टाकलं. पैसे दिले ते सरकारला. बेटावरच्या लोकांना विचारलं होतं का? तुम्ही आणि पांढरं सोनं भाऊ दोघंही आलेल्यांचं आणि थांबवणाऱ्यांचं बोलता. ज्यांच्या उरावर बसवलं त्यांचं कोण बोलणार?

मूलचेऱ्याची लेक

दादा, तुमचं म्हणणं खरं आहे, आणि ते आमच्या घरातही कधी बोललं गेलं नाही. माझे आजोबा पूर्व पाकिस्तानातून आले, रायपूरजवळच्या माना कॅम्पात राहिले, मग इकडं. नदीकाठी भात आणि मासळीवर जगलेली माणसं. कुठं राहायचं हे त्यांनाही कुणी विचारलं नाही. आम्ही नमःशूद्र. पश्चिम बंगालमध्ये आमची जात अनुसूचित यादीत आहे, महाराष्ट्रात नाही. माझ्या भावाला तो दाखला मिळत नाही, आणि वनहक्काला तीन पिढ्यांचा पुरावा लागतो, तो आम्ही कुठून आणायचा?

पांढरं सोनं काका, बोटी मागं फिरवणं दयेचं काम असं तुम्ही लिहिलंत. 1978 मध्ये दंडकारण्यातल्या कॅम्पांतून हजारो बंगाली परत निघाले आणि सुंदरबनातल्या मरीचझापी बेटावर जाऊन राहिले. जानेवारी 1979 मध्ये पश्चिम बंगालच्या सरकारनं पोलिसांच्या लाँच लावून बेटाला वेढा घातला. धान्य आणायला निघालेल्या होड्या अडवल्या. गोळीबार झाला, उपासमारीनं आणि रोगानं माणसं गेली, मे महिन्यात झोपड्या जाळून उरलेल्यांना परत पाठवलं. किती मेले यावर आजही वाद आहे, कारण नीट मोजलंच नाही. होडी अडवणारा अधिकारी कायद्यानंच वागत होता. आमच्या नात्यातली माणसं तिकडं गेली होती. सगळी परत आली नाहीत.

पांढरं सोनं, यवतमाळ

बेटी, मरीचझापीचं मले ठाऊक नोतं. ते पापच होतं, त्यात दुमत नाई. अन्न-पानी तोडनं येगळं आन् बोट वळवनं येगळं, हे मात्र मी अजूनही म्हनतो. बोट वळवतांनी पोटाले, औषधाले द्या, दुरुस्त करून द्या. पन उतरू देऊ नका. एक उतरला का दलाल दहा भरते.

मूलचेऱ्याची लेक

काका, वळवलेली बोट ज्या किनाऱ्याला लागते तिथल्या सरकारनंही हेच म्हटलं तर? मे 2015 मध्ये अंदमानच्या समुद्रात तेच झालं. थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया तिघांनीही रोहिंग्यांच्या बोटी आधी ढकलून दिल्या. इंधन दिलं, पाणी दिलं, पण उतरू दिलं नाही. शेवटी इंडोनेशियाच्या आचे प्रांतातल्या कोळ्यांनी त्यांना आपल्या होड्यांत घेऊन किनाऱ्यावर आणलं.

एटापल्लीवाला

ताई, आचेच्या कोळ्यांनी स्वतः ठरवलं, तिथंच फरक आहे. माझं मागणं एवढंच: उद्या सरकारनं आपल्या जिल्ह्यात कुणालाही वसवायचं काढलं तर आधी ग्रामसभेपुढं यावं. आदिवासी भागातल्या ग्रामसभांचा पेसा कायदा 1996 चा आहे, जमीन घेण्याआधी ग्रामसभेला विचारा असं त्यात लिहिलंय. धागाकर्त्यानं हे मान्य आहे का ते सांगावं. आणि तुमच्या दाखल्यासाठी अर्ज करायचा असेल तर आमच्या ग्रामसभेत ठराव मांडायला मी तयार आहे.