मदत हवी आहे: अक्कासाठी काय वाचू?
नमस्कार, आम्ही खानापूरचे. पावसाळ्यात अक्काचा एकुलता मुलगा बाईक अपघातात गेला. दारातली त्याची चप्पल ती अजून हलवू देत नाही. चर्चला येते, पण गाणं सुरू झालं की बाहेर जाऊन बसते. "देवाची इच्छा" म्हणणाऱ्यांचा तिला रागच येतो (खरं सांगू, मलाही).

परवा बायबलमधला योहान ११ (योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय) वाचत होतो. मेलेल्या लाजराला पुन्हा जिवंत उठवणार हे ठाऊक असूनही येशू रडला, तिथं तिनं थांबवलं. म्हणाली, पुन्हा वाच.

आता बायबलमधलंच स्तोत्र ८८ वाचू का? ते शेवटी अंधारातच संपतं, म्हणून भीती वाटते. मूल गमावलेल्यांनी सांगा, तुम्हाला कशानं धीर आला? बेळगावात घरी येऊन नुसतं शेजारी बसेल असं कुणी आहे का? कन्नड येतं तिला, पण प्रार्थना मराठीतच करते.