देश सोडून गेलेले अमेरिकन: पुढे नांगर, मागून झेंडा?

जुनीबखर: एकोणिसाव्या शतकातली अमेरिका म्हटलं की युरोपातून माणसं भरून येणारी जहाजंच आठवतात. बाहेर गेलेल्या अमेरिकनांबद्दल कोणी बोलत नाही. माझं मत: ते नुसते पोटापाण्याला गेले नव्हते, त्यांच्या मागून अमेरिकेचा झेंडाही गेला. टेक्सास मेक्सिकोचं असताना हे तिथे जमिनीसाठी शिरले, गुलामांसकट. मेक्सिकोने १८३० मध्ये बंदी घातली, पण तोवर उशीर झाला होता. १८३५-३६ ला बंड, १८४५ ला टेक्सास अमेरिकेत.

खारवी: शेवट माहीत असला की सगळंच कारस्थान वाटतं. अमेरिकेतलं यादवी युद्ध हरल्यावर तिथल्या दक्षिणेतले हजारो गोरे ब्राझीलला गेले. कापूस लावला, गुलाम ठेवले. त्यांच्या वस्तीपाशी वाढलेलं अमेरिकाना शहर आजही आहे. झेंडा कुठे आला? नातवंडं पोर्तुगीज बोलायला लागली!

जुनीबखर: ब्राझील अवाढव्य देश, त्यात सम्राटानेच बोलावलेलं. हवाई बघा. सॅनफर्ड डोल मिशनऱ्याचा मुलगा, जन्म होनोलुलूचा. १८९३ मध्ये राणी लिलिउओकलानीला हटवलं, त्याच्या आदल्या दिवशी 'बोस्टन' युद्धनौकेवरून सैनिक उतरले होते. नव्या सरकारचा प्रमुख कोण, तर डोल.

खारवी: आणि राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँडने विलीनीकरणाला नकार दिला, ते सोयीस्कर विसरलात.

जुनीबखर: नकार टिकला किती? १८९७ मध्ये २१,००० हून जास्त हवाईवासीयांनी विरोधात सह्या केल्या. १८९८ ला विलीनीकरण झालंच.

नगरी_मिसळ: डोलच्या आईबापांना पाठवणाऱ्या अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेनेच धाडलेली माणसं १८१३ मध्ये मुंबईत पोचली होती. कंपनी सरकार त्या हॉल आणि नॉट यांना हाकलायलाच निघालं होतं! पुढे आमच्या नगरला याच बोर्डाच्या सिंथिया फरारबाईंची मुलींची शाळा पाहूनच जोतीरावांनी पुण्यात शाळा काढली. बोर्ड तेच, मग फरक कशाने? हवाईत १८५० पासून परदेशी माणसाला जमीन विकत घेता यायला लागली, मग उसाचे मळे उभे राहिले. इथे इंग्रज आधीच ठाण मांडून बसलेले.

खारवी: म्हणजे दोष जमिनीचा, जाणाऱ्याचा नाही. हेच तर म्हणतोय.

जुनीबखर: जमीन आपोआप हातात येत नाही हो. आणि पश्चिम आफ्रिकेतला लायबेरिया? १८२२ पासून अमेरिकेतले कृष्णवर्णीय तिथे वसले. अमेरिकेचा झेंडा नाही, तरी १९८० च्या लष्करी उठावापर्यंत सत्ता त्यांच्याच वंशजांकडे. स्थानिकांना विचारा, याला काय म्हणायचं.