ट्रेलरमधला कन्व्हर्टर कुठे बसवू? मागे बेडखाली की पुढे बाकाखाली?

मिशिगनकर
नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. मागच्या सप्टेंबरात एक जुना १९ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं फिरतं घर) घेतला, डेट्रॉइटच्या बाजूला राहतो, जुलैत लडिंग्टन स्टेट पार्कला लेकाला आणि आईबाबांना घेऊन जायचंय (आईबाबा तेव्हा इथेच असतील), त्याआधी इलेक्ट्रिकचं काम संपवायचंय. जुना कन्व्हर्टर, म्हणजे कॅम्पग्राउंडच्या १२० व्होल्टचे १२ व्होल्ट डीसी करून दिवे-पंप-हीटर चालवतो आणि बॅटरी चार्ज करतो तो डबा, आता गुरगुरतो आणि मध्येच जळका वास येतो, म्हणून काढून टाकतोय. प्रोग्रेसिव्ह डायनॅमिक्स कंपनीचा ४५ अँपियरवाला नवीन आणून ठेवलाय.

प्रश्न जागेचा आहे. जुना एकदम मागे आहे, बेडखाली, फ्यूज पॅनेलच्या शेजारी. बॅटरी मात्र पुढे, हिचजवळ (गाडीला जोडायच्या कडीजवळ) ए-फ्रेमवर, म्हणजे पुढच्या त्रिकोणी सांगाड्यावर, गॅस सिलिंडरच्या मागे. मधली वायर ८ गेजची (गेजचा आकडा लहान तितकी वायर जाड), खालून चेसिसच्या कडेने गेलीये, साधारण २० फूट भरेल. माझ्यासमोर तीन जागा आहेत:
मागे जुन्याच्या जागी, काम सगळ्यात कमी.
पुढे जेवणाच्या टेबलाच्या बाकाखाली, भिंतीपलीकडे लगेच बॅटरी, पण रात्री तिथेच टेबल पाडून लेक झोपतो, पंख्याचा आवाज होईल का?
किंवा किचन सिंकखाली, तिथे रिकामी जागा भरपूर आहे.
बायकोचं म्हणणं जुन्याच जागी बसव आणि मोकळा हो. एक गोष्ट खटकतेय, बॅटरी अर्धी उतरलेली असताना मीटर लावून बघितलं तर कन्व्हर्टरच्या टर्मिनलवर १३.५ आणि बॅटरीच्या टर्मिनलवर १२.८. हे असं चालतं का?

खलाशी_काका
तुझं उत्तर तूच मीटर लावून काढलंस की! ते ०.७ व्होल्ट वायरमध्ये जातायत. मी तीसेक वर्षं जहाजावर इलेक्ट्रिकल ऑफिसर होतो, आता रत्नागिरीला असतो, बोटीत आणि ट्रेलरमध्ये हा भाग अगदी सारखाच.

असं बघ. ८ गेजच्या तांब्याच्या वायरचा रेझिस्टन्स १००० फुटाला साधारण ०.६३ ओहम. तुझी वायर जाताना २० फूट, येताना २० फूट (येताना चेसिसमधून आली तरी तिथे गंजलेले नटबोल्ट असतात, तो हिशोब आणखी वाईट), म्हणजे ४० फुटाला ०.०२५ ओहम. त्यातून पूर्ण ४५ अँपियर गेले तर १.१ व्होल्ट वायरमध्येच खलास. आता कन्व्हर्टर बॅटरीकडे बघत नसतो रे, तो स्वतःच्या टर्मिनलवरचा व्होल्टेज बघतो. तिथे १४.४ दिसले की त्याला वाटतं बॅटरी भरत आली, आणि तो करंट आवरता घेतो, तिकडे बॅटरी अजून उपाशीच. शनिवार-रविवारची ट्रिप संपते तरी ती पूर्ण भरत नाही, आणि लेड-ॲसिड बॅटरी अशी वरचेवर अर्धवट राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि ती दोन सीझनमध्ये मरते. मग लोक बॅटरीच्या कंपनीला बोल लावतात.

बाकाखाली बसवलास आणि ६ गेजची वायर ५ फूट टाकलीस तर तोच ४५ अँपियर जाताना ०.१८ व्होल्ट पडतील. बस्स.

आणि मागून पुढे १२० व्होल्ट न्यायचे त्याची चिंता करू नको. तेवढ्याच पॉवरला १२० च्या बाजूला जेमतेम ६ अँपियर लागतात, साधी १४ गेजची केबल २० फूट नेलीस तरी काही फरक पडत नाही. लांबी खर्च करायची ती १२० च्या बाजूला, १२ ची बाजू आखूड आणि जाड ठेवायची.

फक्त एक, जवळ म्हणजे *शेजारी* नाही. बॅटरीच्या डब्यात किंवा गॅसच्या कप्प्यात कन्व्हर्टर अजिबात ठेवू नको. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, हवेत ४ टक्के झाला की ठिणगीने पेटतो, शिवाय ॲसिडच्या वाफेने सर्किट बोर्ड हिरवा पडतो. प्रोपेन तर हवेपेक्षा जड, खाली साचून राहतो. मध्ये भिंत हवी आणि वायरचं भोक रबर ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारं कडं) घालून सीलंटने बंद हवं.

सह्याद्री_ते_रॉकीज
काकांना +१. दादा, सिंकखाली मात्र नको, हात जोडून सांगते. आम्ही डेन्व्हरला असतो, आमच्या ट्रेलरला मी स्वतः सिंकखाली बसवला होता, जागा होती आणि हात नीट पोचत होता म्हणून. पहिल्याच हिवाळ्यात पाईपमध्ये राहिलेलं पाणी गोठलं, फिटिंगला बारीक चीर गेली, एप्रिलमध्ये पंप चालू केला आणि पाणी थेट कन्व्हर्टरच्या जाळीतून आत. ब्रेकर पडला म्हणून निभावलं. मुलगी तेव्हा ट्रेलरमध्येच खेळत होती, आजही आठवलं की पोटात गोळा येतो. पंप, वॉटर हीटर, टाकी, चाकावरच्या कमानीची आतली बाजू, यांच्यापासून लांबच ठेवा.

आता दुसऱ्यांदा बाकाखालीच बसवलाय आणि आमचाही मुलगा तिथेच झोपतो. आवाजाचं खरं सांगते, येतो, पण पंखा लोडवर आणि गरम होण्यावर चालतो, बॅटरी भरली की गप्प होतो. आम्ही दुपारी पोचलो की आधी प्लग लावतो, रात्री झोपेपर्यंत जोराचं चार्जिंग होऊन जातं. थंडीत फर्नेस (गॅसचा हीटर) लागला की पंखा अधूनमधून येतो, पण फर्नेसचाच ब्लोअर इतका वाजतो की हा ऐकूच येत नाही. दुसरं म्हणजे स्क्रू थेट पातळ प्लायवूडमध्ये मारले की पूर्ण बाक ढोलासारखा घुमतो. आम्ही खाली जाड फळी टाकली आणि मध्ये रबराचे वॉशर दिले, खूप फरक पडला.

हवा खेळायला हवी हे सगळ्यात महत्त्वाचं. बाकाखाली आपण काय काय कोंबतो, चादरी, स्लीपिंग बॅग, पावसाळी जॅकेटं. त्या जाळीवर आल्या की तो तापतो आणि आउटपुट कमी करतो. मी त्याच्याभोवती लाकडी पट्ट्यांचा पिंजरा केलाय आणि बाकाच्या पुढच्या फळीला दोन जाळ्या, एक खाली एक वर.

(विषय थोडा वेगळा पण राहवत नाही: घरी प्लग लावायला ट्रेलरसाठी ३० अँपियरचं सॉकेट बसवून घेणार असाल तर इलेक्ट्रिशियनला तीनदा सांगा की ते १२० व्होल्टचं आहे. दिसायला ड्रायरच्या सॉकेटसारखं दिसतं म्हणून काहीजण सवयीने २४० जोडून जातात आणि कन्व्हर्टर, मायक्रोवेव्ह, सगळं एका क्षणात जळतं. प्लग लावायच्या आधी स्वतः मीटर लावून बघा.)

गॅरेज_पुणे
मी इकडे टेम्पो ट्रॅव्हलरच्या कॅम्पर व्हॅन करतो, आपल्याकडे २३० व्होल्ट, पण बारा व्होल्टचं दुखणं तेच. एक गोंधळ सगळे करतात तो आधीच सांगून ठेवतो. आपल्याकडे घरी ज्याला इन्व्हर्टर म्हणतो, ट्यूब्युलर बॅटरीवाला, त्यात चार्जर आतच असतो, लाईट आली की तो आपोआप चार्जिंगला जातो. तिकडच्या ट्रेलरमध्ये कन्व्हर्टर म्हणजे फक्त चार्जर, आणि इन्व्हर्टर पुढे कधी घेतलात तर तो वेगळा येतो. मग काय होतं, इन्व्हर्टरवर सगळ्या सॉकेटना सप्लाय देतात, त्यातल्याच एका सॉकेटला कन्व्हर्टर, आणि बॅटरी स्वतःलाच चार्ज करत बसते, थोड्या वेळात उगाच उतरते. म्हणून कन्व्हर्टरला इन्व्हर्टरचा सप्लाय न पोचणारा स्वतंत्र ब्रेकर हवाच.

काकांनी फ्यूजचं नाही सांगितलं. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात ५० अँपियरचा ब्रेकर किंवा फ्यूज टाका. बॅटरीत शेकडो अँपियर ओकायची ताकद असते, भिंतीच्या पत्र्याला वायर घासून सोलली गेली तर कन्व्हर्टरचा फ्यूज काही वाचवत नाही, तो पलीकडच्या टोकाला आहे. आणि बॅटरी उलटी जोडली की कन्व्हर्टरवरचे ते दोन फ्यूज उडतात, स्पेअर घेऊन ठेवा.

मिशिगनकर
मंडळी, खूप खूप आभार, बायकोला काकांचा हिशोब वाचून दाखवला, तिलाही पटलं. सिंकखालचं बाद. बाकाखालीच बसवतोय.

आता माझ्या डोक्यात असं आहे, चुकत असेन तर सांगा: फ्यूज पॅनेल मागेच राहू देतो, त्याला बॅटरीकडून येणारी जुनी ८ गेजची वायर तशीच. जुना कन्व्हर्टर १२० आणि १२ दोन्हीकडून पूर्ण सोडवून काढतो. त्याचा १५ अँपियरचा ब्रेकर मोकळा होईल, त्यावरून १४ गेजची केबल पुढे बाकाखाली आणून तिथे सॉकेट बसवतो, नव्याला साधा तीन पिनचा प्लगच आहे. त्याच्याकडून बॅटरीला ६ गेज, मध्ये ५० चा ब्रेकर. म्हणजे दिवे आणि फर्नेसचा करंट जुन्या वायरने मागे जाईल, पण तो ८-१० अँपियरच्या आत आहे.

खलाशी_काका
बरोबर आहे. १० अँपियरला त्या वायरमध्ये पाव व्होल्ट पडेल, फर्नेसला चालतं. निगेटिव्हसाठी चेसिसवर विसंबू नको, ६ गेजचीच दुसरी वायर बॅटरीपर्यंत ने. आणि कन्व्हर्टरच्या बॉडीला जो अर्थिंगचा लग (वायर जोडायचं धातूचं टोक) असतो तिथून चेसिसला ८ गेजची तांब्याची वायर, ती लोक विसरतात. सगळं झालं की बॅटरी थोडी उतरवून दोन्ही टोकांना परत मीटर लाव आणि आकडे इथे टाक.

मिशिगनकर
नक्की टाकतो काका. शनिवारी काम काढतोय. ६ गेजचे लग हातोडीने ठोकून बसवायचे नाहीयेत, हायड्रॉलिक क्रिम्पर (लग वायरवर दाबून बसवायचं हत्यार) हवाय एका दिवसासाठी, नोव्हाय-ॲन आर्बर बाजूला कोणाकडे आहे का?

कँटनवासी
माझ्याकडे आहे, ६ गेजची डाय (साचा) पण आहे. शुक्रवारी संध्याकाळी घेऊन जा, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.